नमुना

तुळशीच्या वळणावर एसटीतून उतरले तेव्हा
पिशवीत सत्तर प्रश्नावल्या होत्या,
दोन निळी पेनं, आणि परुळेकर सरांचं वाक्य :
“नमुना यादृच्छिक हवा. ओळखीच्या बायका घेऊ नका.”
वेंगुर्ले तालुक्यात
ओळखीची नसलेली बाई कुठून आणायची, सर?

काजूच्या कारखान्यात आधी वास येतो घशाशी,
जळक्या टरफलांचा, तेलकट,
मग पत्र्याखालचा उकाडा,
मग साठ-पासष्ट बायकांचं एकदम वर बघणं
आणि एकदम खाली.

सत्यवती गावडे. वय? “लिव चाळीस.”
शिक्षण सातवी. काम सोलणी. दर किलोला अठ्ठावीस.
हात चालूच. सुरीचं टोक, साल, दाणा,
सुरीचं टोक, साल, दाणा,
लिहिण्यात मीच मागे पडत होते.
“ह्या काय म्हणान इचारतंस?”
सर्वेक्षण आहे, म्हटलं. तुम्ही नमुना.
ती इतकी हसली की सुपातली सालं उडाली.
“आयकलंस गो, आंजेलिन?
सासू वीस वर्सां ताच म्हणता.
आता कॉलेजान लिवन दिल्यान!”

सतराव्या प्रश्नाला मात्र सुरी थांबली.
गेल्या वर्षी काम हवं होतं पण मिळालं नाही, असे दिवस किती?
“होयां होतां म्हंजे?”
पावसात कारखाना बंद, ते धरायचे?
सासूला ओरोसच्या दवाखान्यात नेलं, ते अकरा?
बी आली नाही म्हणून
फाटकातून परत पाठवलं, त्या दिवसांचं
जाण्यायेण्याचं तिकीट कुठल्या रकान्यात?
मी पुस्तकातली व्याख्या आठवत बसले.
व्याख्येत एसटी नव्हती.
शेवटी तिनंच सोडवलं मला :
“लिव पन्नास. बरा दिसता.”

चाळीस मिनिटं.
मग तिनं विचारलं ते
माझ्या चार पानांत कुठंच नव्हतं.
“तुका एका कागदाचे किती गावतत?”
काही नाही. मार्क.
“आणि माका?”

पाऊण किलो मागे राहिली होती ती. एकवीस रुपये.
मी पेन ठेवलं, तिच्या शेजारची सुरी उचलली.
भरपाई, असं काहीतरी मनात होतं.
पहिला दाणा फुटला.
दुसरा उभा चिरला, पाकळी झाली.
तिसऱ्याला माझं नख लागलं.
अख्ख्याला अठ्ठावीस, पाकळीला सोळा,
तुकडा हिशेबातच नाही.
माझ्या मदतीनं तिचा तोटा वाढत चालला होता
आणि तोही मी मनात मोजत होते, सवयीनं.

“ऱ्हव दे गो बाय.”
मुकादमीण वजनकाट्यापाशी, पाठमोरी.
सत्यवतीनं फुटका दाणा उचलला,
माझ्या तोंडात कोंबला.
“चाव बेगीन.”

पुढचं सगळं रीतसर झालं.
बासष्ट नमुने, आठ कागद बाद.
सरकारनं ठरवलेली मजुरी, हातात पडणारी मजुरी,
निळा दांडा, नारिंगी दांडा, मधली दरी.
रत्नागिरीच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस,
टाळ्या, समोसा, प्रमाणपत्रावर आडनाव चुकीचं.

शेवटच्या पानावर खर्च मांडला होता :
झेरॉक्स दोनशे ऐंशी. एसटी तीनशे दहा.
त्याखाली, रात्री उशिरा, मी आणखी एक ओळ घातली :
उत्तरं देणाऱ्यांचा वेळ, बासष्ट गुणिले एकवीस,
तेराशे दोन रुपये. दिले नाहीत.
सरांनी समोर लाल प्रश्नचिन्ह केलं.
खोडलं नाही.

त्या दाण्याची नोंद मात्र मी कुठंच केली नाही.
त्याची साल नीट निघाली नव्हती, माझ्याच हातची.
सावंतवाडी येईपर्यंत
जिभेवर तुरट राहिली.